गेल्या वर्षीसारखेच डोळे

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना उगाच मला भली बाई समजून बसाल. दूधवाला समोर उभा असतानाच मी दूध हुंगून बघते. पेणच्या बाजारात पापड घेताना पुडकं उघडायला लावून मधला पापड काढते, कारण वरचे दोन सगळेच चांगले ठेवतात. पंचवीस-तीस वर्षं मी घरात शिवणक्लास चालवला. मुलगी "बाई, झालं" म्हणाली की मी आधी झबलं उलटं करून आतली शिवण बघायचे. मुली मागे मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

सून आली ती बॅगांचं शिक्षण घेऊन. बॅगांचंही शिक्षण असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती मुंबईत एका कंपनीत बायकांच्या पर्सेस डिझाइन करायची. मुलाची नोकरी रोह्याजवळ धाटावला, केमिकल कंपनीत, शिफ्टची. म्हणून लग्नानंतर ती पेणला आली आणि वर्षाच्या आत म्हणाली, "आई, मागची खोली मला द्या, मी स्वतःच्या बॅगा करते." मी विचारलं, कसल्या? चामड्याच्या, म्हणाली. मी म्हटलं, अगं, आपल्या घरात गणपती बसतो, त्या घरात चामडं आणून कापायचं? तिने अगदी शांतपणे विचारलं, आरतीला ढोलकी वाजते तिच्यावर काय ताणलेलं असतं? मग मी नियमच करून टाकला. चामडं मागच्या दाराने येईल, मागच्या दाराने जाईल, मधल्या दाराचा उंबरठा ओलांडणार नाही. तिने लगेच मान्य केलं, इतक्या लगेच की मला त्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं.

महिनाभर मी खिडकीतून नुसती बघत होते. तिने ठेवलेला कारागीर अस्तर लावायचा ते बघून माझ्या हातांना खाज सुटायची. कोपऱ्यात कापड गोळा व्हायचं, चेनच्या टोकाला सुरकुती. एके दिवशी राहवलं नाही. आत गेले, त्याच्या हातातून अस्तर ओढून घेतलं आणि करून दाखवलं. त्यानंतर मी त्या खोलीतून बाहेर आलेच नाही म्हणा ना. त्या कामाची साडी वेगळी ठेवली. संध्याकाळी घरात शिरण्याआधी मोरीवर हात साबणाने दोनदा धुवायचे, मग लिंबाची फोड चोळायचे, मगच देवापाशी दिवा लावायचे. सून नुसती बघायची.

धंदा वाढला तो मला न विचारता. आधी मुलाच्या कंपनीतल्या बायकांनी घेतल्या, मग अलिबागला पर्यटकांच्या एका दुकानात चार बॅगा टांगल्या गेल्या, मग मुंबईच्या एका मोठ्या दुकानातून एक बाई गाडी घेऊन आमच्या दारात आली. तिने बॅग उलटी करून आतली शिवण बघितली, तेव्हा मला ती बाई आवडली. खोली पुरेना. रोह्यात, धाटावच्या रस्त्याला, एक बंद पडलेलं गोदाम भाड्याने मिळालं. तिथे मशीनं गेली, पंख्यांच्या रांगा लागल्या, दारावर कंपनीच्या नावाचा बोर्ड चढला. रोज सकाळच्या गाडीने मी आणि सून पेणहून रोह्याला जाऊ लागलो. वीसेक बायका कामाला. शिलाई, अस्तर, बकल, पॅकिंग. आणि शेवटचं टेबल माझं. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आणि पॅकिंगच्या कागदावर माझं नाव पडल्याशिवाय बॅग खोक्यात पडत नसे. सून त्याला क्वालिटी म्हणायची. मी त्याला नजर ठेवणं म्हणत होते.

सगळं जमलं, पण कडा जमेनात. चामडं कापलं की त्याची कड उघडी पडते, खरखरीत, आतला रंग वेगळा. तिला पॉलिश पेपरने घासायचं, रंग भरायचा, वाळवायचा, परत घासायचं, परत रंग. असं तीन-चार वेळा. रंग केसभर जरी वर चढला तरी बॅगेच्या तोंडावर डाग दिसतो आणि सगळी मेहनत फुकट. आमच्या बायका नाना तऱ्हा करून थकल्या. मुंबईच्या बाईने दोनदा माल परत पाठवला. सून रडकुंडीला आली होती, तेव्हा ती आली.

ती म्हणजे पुढे जिला सगळे कडावाली म्हणू लागले ती. जिते स्टेशनाजवळच्या गावातली, चाळिशीच्या अलीकडची, बारीक, डोक्यावरचा पदर घट्ट. काम हाय का, एवढंच विचारलं. सुनेने तिच्यासमोर एक पट्टा ठेवला. तिने रंगाच्या वाटीत टोचा, म्हणजे बारीक टोकाची सळई, बुडवला, वाटीच्या काठावर निथळला, श्वास रोखला आणि पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात हात फिरवला. रंग कडेवर बसला आणि कडेवरच राहिला. मशीनवरच्या दोघी उठून बघायला आल्या. मी तिला विचारलं, कुठे शिकलीस गो? ती म्हणाली, "असंच. रांगोळी काढते मी."

रांगोळी मीही काढते. रांगोळीने असा हात बसत नाही. माझ्या मनात शंकेची पाल तिथेच चुकचुकली.

पण काम सोन्यासारखं. तिच्या कडांनी आमची कंपनी उभी राहिली, हे मी आजही कोणासमोरही म्हणेन. माल परत येणं बंद झालं. मुंबईहून दुप्पट मागणी आली, मग दिल्लीचं एक दुकान, मग कुठल्याशा मासिकात आमच्या अर्धगोल फ्लॅपच्या पर्सचा फोटो. सून म्हणायची, आई, लोक आधी कडेवरून बोट फिरवतात. आणि मी शेवटच्या टेबलावरून कडावालीकडे बघत बसायचे.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. इतर बायका सुटल्या की तोंडावर पाणी मारून स्टेशनाकडे पळायच्या. ही मागे राहायची, नळावर बसून हात धुवायची, नखांतून काडी फिरवायची, राखेने घासायची, मग पिशवीतली दुसरी साडी नेसायची आणि कामाची साडी तिथेच खुंटीवर ठेवून जायची. का? घरी जाताना एवढी स्वच्छता कशाला? दिवाळीला सुनेने प्रत्येकीला आमची छोटी चामड्याची पर्स दिली. बायका हरखून गेल्या. हिने हात जोडून घेतली आणि आपल्या फळीवर ठेवली. तिसऱ्या वर्षीची पर्ससुद्धा कागदातून न काढता तिथेच पडलेली मी पाहिली. बॅगेसोबत कंपनीचा फोटो काढायचा म्हटलं की हिला नेमकं बाथरूमला जायचं असे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिची आई. आषाढ संपत आला की हिची आई आजारी पडायची, ती थेट गणपती होईपर्यंत. पहिल्या वर्षी मला वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी मी विचारलं, आजार काय? म्हणाली, गुडघे. तिसऱ्या वर्षी म्हणाली, दम लागतो. मी सुनेला म्हटलं, ही म्हातारी पंचांग बघून आजारी पडते की काय? सून म्हणाली, "जाऊ द्या हो आई. बाकीचे दहा महिने ती जे देते ते कोण देतं?"

यंदा मात्र प्रकरण चिघळलं. चैत्रात सुनेच्या मैत्रिणीने फोनवर एक फोटो पाठवला. पनवेलकडच्या कुठल्याशा कारखान्याची पर्स. आमचा अर्धगोल फ्लॅप, आमचा पट्टा, आतल्या कप्प्याची तीच तिरकी शिवण, जी मी स्वतः बसवली होती. बाहेरून बघून आतला कप्पा कोणाला कळेल? कोणीतरी आतलंच फुटलं होतं. सून दोन दिवस जेवली नाही. मला मात्र, लाज वाटते सांगायला, आतून जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं माझ्या डोक्यात किडा वळवळत होता, तो काही उगाच नव्हता.

मी कोणाला काही बोलले नाही. नुसती सगळी जुळवाजुळव करत होते. ही दोन महिने जाते कुठे? आमच्या वासाचं, आमच्या रंगाचं काही अंगावर राहू नये म्हणून एवढी घासाघीस कशाला? फोटोत का येत नाही? उघड आहे, दुसरीकडेही काम करते आणि तिथे आमचं नाव कळू द्यायचं नाही. पनवेल जित्याहून काही लांब नाही. आता ह्या हिशेबात कोणाला काय वावगं दिसेल, तुम्हीच सांगा.

त्यातच आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर आली आणि माल द्यायचा होता गणपतीच्या आठ दिवस आधी. कडावाली नेहमीप्रमाणे सुनेसमोर येऊन उभी राहिली. आईला बरं नाय. सुनेने कधी नव्हे ते हात धरून विनवलं. ती खाली बघून म्हणाली, पट्टे घासून, पहिले दोन हात देऊन ठेवलेत, शेवटचा हात मी रविवारी रविवारी येऊन देईन, पण मला जाऊ द्या. आणि गेली. मी सुनेला म्हटलं, मला जरा बाजारात काम आहे, उद्या मी येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेणहून रोह्याची गाडी सोडून उलट्या दिशेची पकडली आणि जित्याला उतरले. पत्ता आमच्याकडच्या कागदावर होताच. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात तिची आई उकिडवी बसून सुपात सुकट निवडत होती. चांगली ठणठणीत. माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि पाणी आणायला चटकन उठलीसुद्धा. गुडघे नाहीत, दम नाही, काही नाही. मी म्हटलं, लेक कुठे आहे? म्हातारीने सरळ हात केला. "ती ना, खाली शेडवर हाय. सांजेला येल." पाणी न पिताच मी निघाले. पाय कसे झपाझप पडत होते ते माझं मला माहीत.

शेड मोठी होती, पत्र्याची, बाजूने निळं प्लॅस्टिक ताणलेलं. त्या भागात अशा शेड पावलापावलाला आहेत, गणपतीच्या मूर्तींच्या. मला ते दिसत होतं, पण डोक्यात पनवेलच भरलेलं. म्हटलं, पुढे गणपती आणि मागे बॅगांची टेबलं, असंही असेल. दारात चपला काढल्या आणि आत शिरले.

आत इतकी माणसं होती आणि तरी आवाज नव्हता. रेडिओ बंद, पंखा बंद. रांगेने मूर्ती, प्रत्येकीच्या हाताला दोऱ्याने गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. मधोमध कमरेएवढ्या उंच मूर्तीसमोर एका पाटावर ती बसली होती. अंगावर तीच घरी जायची साडी. हातात बारीक ब्रश. गणपतीचे डोळे रेखायला आमच्याकडे आखणी म्हणतात, आणि आखणी करणाऱ्या माणसाशी त्या वेळी कोणी बोलत नाही, मागून जातसुद्धा नाही. हे पेणमध्ये शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होते. एक डोळा झाला होता. दुसऱ्यासाठी तिने श्वास रोखला होता, जसा ती आमच्या पट्ट्यावर रोखायची तसाच.

खरं तर मला तिथेच सगळं कळायला हवं होतं. रांगोळी, राख, साडी, आई, सगळं. कळलंही असेल. पण चार महिन्यांचा राग साठला होता आणि मी शिवणक्लासच्या आवाजात म्हटलं,

"आईला बरं नाय ना गो तुझ्या? आमच्या चामड्याच्या कडा टाकून हितं डोळे काढत बसलीस?"

तिचा हात थांबला. तिने मागे वळून बघितलं नाही. ब्रश मूर्तीपासून लांब घेतला, एवढंच. बाजूला रंग कालवणारी माणसं माझ्याकडे बघायला लागली. दाराशी एक गिऱ्हाईक नवरा-बायको उभे होते, तेही बघायला लागले. कारखान्याचा मालक, साठीचा माणूस, मागून पुढे आला आणि मला नव्हे, तिला विचारलं, "चामड्याच्या?" तिने मान खाली घातली. मग त्याने खाली वाकून तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. ओरडला नाही, काही नाही. तिने पाटावरून उठून, पाटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. मूर्ती एका डोळ्याने बघत राहिली.

बाहेर येऊन मी तिच्यामागे गेले. रस्त्यात तिला हाका मारल्या. ती थांबली नाही. कारखान्यातली एक वयस्क बाई, कडावालीचं सगळं ठाऊक असलेली, माझ्याजवळ आली आणि तिने मला जे सांगितलं ते ऐकून मी मैलाच्या दगडावर बसले. तो पाट कडावालीच्या बापाचा. तो ह्याच शेडमध्ये आयुष्यभर आखणी करत होता. त्याला मुलगा नाही, म्हणून त्याने हिला शिकवलं, लहानपणी हिच्या हातात ब्रश देऊन कोळशाने काढलेल्या रेघेवर रेघ ओढायला लावायचा. तो गेला तेव्हा मालकाने दहा पुरुष सोडून हिला त्या पाटावर बसवलं. पंचक्रोशीत आखणीच्या पाटावर बसलेली बाई ही एकटीच. पण ते काम दोन-तीन महिन्यांचं. बाकीच्या वर्षात पोट कशावर भरायचं, म्हणून आमच्याकडे. आणि चामड्याला लागलेले हात देवाच्या डोळ्याला चालणार नाहीत, म्हणून इकडे आमचं नाव नाही आणि तिकडे ह्यांचं नाही. "तुमी सांगितलंत ते बरं केलंत," असं ती बाई म्हणाली नाही. "तुमी कशाला आलात गो बाय?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात पोचले तर कडावाली तिच्या जागेवर. पट्टे पुढ्यात, वाटीत रंग. माझ्याकडे बघितलं नाही आणि तोंडही फिरवलं नाही. सुनेला आनंदाने काय करू नि काय नको झालं. आई बरी वाटते का, तिने विचारलं. कडावाली म्हणाली, "व्हय. आता कायमची बरी हाय."

ऑर्डर वेळेत गेली. त्या ऑर्डरीवर शेजारचं गोदाम घेतलं, नवीन मशीनं आली, आता चाळीस बायका आहेत. कंपनीच्या वाढीची गोष्ट कोणी विचारली तर सून हे सांगते. मी हातातली बॅग उलटी करून शिवण बघत बसते.

आणि डिझाइन फुटलं कसं, तेही त्या ऑर्डरीच्या धावपळीतच कळलं. पनवेलच्या त्या कारखान्यात अस्तराच्या विभागात माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. सून चौकशीला गेली तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं, त्यात लपवण्यासारखं आहे असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आमच्या शिवणक्लासच्या मुलींचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर मी आमचा कप्पा उलगडून, वर टेप लावून, मापासकट त्याचे फोटो टाकले होते. खाली लिहिलं होतं, "मुलींनो, तिरकी शिवण अशी घालायची." क्लासमध्ये मी फळ्यावर मापं काढायचे ना, त्याच सवयीने. सुनेने मला तो फोटो दाखवला आणि फोन बाजूला ठेवून दिला. काही बोलली असती तर बरं झालं असतं. मी मोरीवर जाऊन हात धुवायला लागले, कशाला कोण जाणे.

चार दिवस कसेबसे काढले आणि परत जित्याला गेले, ह्या वेळी मालकाला भेटायला. म्हटलं, चूक माझी आहे, तिचा पाट तिला द्या. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या मागच्या खिशात चामड्याचं पाकीट फुगलं होतं, कमरेला चामड्याचा पट्टा होता, ते मी लगेच टिपलं आणि बोलूनही दाखवलं. तो हसला.

"काकी, माझं काय जातंय? तिच्या बापानं मला ब्रश धरायला शिकवला. पण तुम्ही भर कारखान्यात बोललात, गिऱ्हाइकासमोर. आता गिऱ्हाईक विचारणार. तुम्हीच सांगा, तुमच्या घरच्या गणपतीला ते हात चालतील?"

मला पटकन हो म्हणायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण डोळ्यासमोर आमचा मधला उंबरठा आला, माझी वेगळी साडी आली, लिंबाची फोड आली. तो वाट बघत होता, खरंच वाट बघत होता. मी म्हटलं, मी जरा विचार करून सांगते. त्याने मान डोलावली आणि कामाला लागला. परत येताना गाडीत मला स्वतःचा इतका राग आला होता की तिकीट कुठे ठेवलं तेही आठवेना.

आमचा गणपती वर्षानुवर्षं पेणच्या बाजारात लागणाऱ्या एका मांडवातून येतो. मुलगा जाऊन नाव नोंदवतो, चिठ्ठी मी लिहून देते. माझं नाव, मूर्तीची उंची, आणि खाली एक ओळ: डोळे गेल्या वर्षीसारखेच. कारण ते डोळे मला आवडायचे. घरात सगळ्यांकडे संशयाने बघणारी मी, त्या डोळ्यांसमोर उभी राहिले की गुमान होत असे. गेली तीन-चार वर्षं तर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, बघा, डोळे किती जिवंत, अशी आखणी आता कोणाला येते?

यंदा मुलाने मूर्ती पाटावर ठेवली, तोंडावरचा रुमाल काढला आणि मी आरतीचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. डोळे सुबक होते, सारखे होते, काही खोट काढण्यासारखी नव्हती. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मुलाला विचारलं तर म्हणाला, मांडववाला सांगत होता, मूर्ती जित्याकडच्या कारखान्यातल्या, तिथला आखणीचा हात यंदा बदलला. सून माझ्याकडे बघायला लागली. ढोलकी सुरू झाली, माणसं जमली होती, आरती म्हणावी लागली. मी म्हटली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेजारणीला वाटलं माझी भक्ती दाटून आलीय.

गणपती झाल्यावर मी कडावालीच्या टेबलापाशी गेले. काय बोलायचं ते गाडीत दहादा घोकून आले होते, पण ते सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "यंदा आमच्या गणपतीचे डोळे काही बरे नाय आले गो."

ती पट्टा घासत होती. घासता घासताच म्हणाली, "माझ्याकडंच यायची तुमची चिठ्ठी. बाबा गेल्यापासनं. 'गेल्या वर्षीसारखेच.' हितं कामाला आले तवा पॅकिंगच्या कागदावर तुमचं नाव वाचलं, तवाच वळखलं. दरसाल तुमचा गणपती मी सगळ्यात शेवटी घ्यायची. निवांत."

म्हणजे तिला माहीत होतं. तीन वर्षं मी तिच्यावर डोळे रोखून बसले होते आणि तिला माहीत होतं मी कोण ते. ह्याच हातांनी, वर्षभर चामड्याची कड आणि पुढे श्रावणात माझ्या देवाचे डोळे. जे डोळे मी अख्ख्या गल्लीला दाखवत फिरले, ते. मी म्हटलं, मला क्षमा कर. मी म्हटलं, पुढल्या वर्षी मूर्ती बिनडोळ्यांची आणते, आमच्या घरी येऊन तू कर, माझ्या मधल्या खोलीत, पाट मांडून देते. मी बरंच काही म्हटलं. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

तिने पट्ट्यावरची धूळ फुंकली, टोचा रंगात बुडवला, वाटीच्या काठावर निथळला.

"काकी," ती म्हणाली, "जरा उजेडातनं बाजूला व्हा."

मी बाजूला झाले.